मांडीवरचं डोकं

शेगाव,
२ डिसेंबर २०२४

ती. उकंडमामांस,
जय भीम.

तुम्ही मला देऊळगाव राजाला पाठवलं आणि मी शेगावला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नकाशात दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. मेहकरच्या स्टँडवर देऊळगावची गाडी लागायची होती आणि खामगावची लागलेली होती. लागलेली गाडी सोडून लागणाऱ्या गाडीची वाट पाहणं मला कधी जमलं नाही. माझी बारावीसुद्धा त्याच्यातच गेली.

कविता शाबूत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. काम लक्षात आहे: तुमचे शांतिसेनेतले, लंकेच्या लढाईत गेलेले दोस्त पंजाबराव, त्यांच्या गावची पोरं सव्वीस जानेवारीला विहाराशेजारी त्यांच्या नावाचा दगड बसवणार, दगडावर तुमची कविता कोरायची, कागद देऊळगावच्या कडूबा पाथरवटाच्या हातात द्यायचा. फोनवर विचारलं असतं, पण तुमचे कान तिकडच्या तोफांनी नेले. पोस्टाचं भलं झालं.

इथं एका लॉजवर कामाला लागलो. काम म्हणजे गाडी पकडणाऱ्या भक्तांना वेळेवर उठवायचं. काल एका माणसाला उठवलं, तो आंघोळ करून, टिळा लावून, सामान घेऊन खाली आला, तेव्हा कळलं की त्याची गाडी परवाची आहे. तो चिडला नाही. म्हणाला, चला, दोनदा दर्शन होईल.

आता मुद्दा. या लॉजचा वॉचमन वामनराव म्हणून आहे, तुमच्याच पलटणीतला. तुमचं नाव सांगितल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला.

"लंकेतल्या उकंड्याचा भाचा तू? कावीळवाल्याचा?"

मी म्हटलं, "कावीळवाल्याचा नाही, कवितावाल्याचा."

"कवितेचं मले माहीत नाही. मी होतो तव्हा त्याले कावीळ झाली होती. हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा पडला होता बे. पंजाब गेला तव्हा हा दवाखान्यात होता. पंजाबले मीच उचललं."

मी त्याला पिशवीतून कागद काढून वाचून दाखवला. तुम्ही दर चौदा एप्रिलला म्हणता तसाच, मान वर करून:

गोळी सुटली नारळातून, तोंडात गेली माती,
पंजाबरावाचं डोकं होतं माझ्या मांडीवरती.
टोपानं पाणी पाजलं त्याले, गार पडली छाती,
म्हणे, भिमाले सांगजो गड्या, तुटली नाही नाती.
उकंडा म्हणे, डोळ्यांनी पाह्यलं, मंग लेखणी हाती.

वामनरावानं सगळं ऐकलं. म्हणाला, "चाल चांगली आहे. पण मांडी कोणाची बे? पंजाबले त दोन मिनिटंबी भेटले नाहीत." मग तो गेट उघडायला गेला.

मी त्याच्याशी भांडलो नाही. पण तुम्हीच काय ते सांगा.

तुमचा,
धम्मरत्न

•

मु. पो. गावाकडून,
७ डिसेंबर २०२४

चि. धम्मरत्न यास,
जय भीम. अनेक आशीर्वाद.

तुझे २ तारखेचे पत्र ६ तारखेस मिळाले. कागद देऊळगावला पोहोचला नाही याची नोंद घेतली. तुला काम सांगितले ही माझी चूक समजतो.

वामनराव माणूस चांगला आहे. नेमबाजीत कधी पास झाला नाही. त्याच्या आठवणीबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे की माझी कविता नोव्हेंबर १९८८ मध्ये लिहिली आहे आणि त्याची आठवण डिसेंबर २०२४ मधली आहे. दोन कागद समोर आले तर जुना ग्राह्य धरतात. तहसीलमध्येही हेच चालते.

शेवटच्या ओळीत माझे नाव आहे. आपल्याकडे जलशातला कवी शेवटच्या ओळीत आपले नाव घालतो ते हौस म्हणून नव्हे. ती सही असते. सही केली म्हणजे त्या मजकुराला तो माणूस बांधील. मी छत्तीस वर्षे बांधील आहे. या गावात मला हवालदार म्हणून कोणी ओळखत नाही. ज्याच्या मांडीवर पंजाबराव गेला तो, असे ओळखतात. तुझ्या मामेभावाची सोयरीक जमवायला गेलो तेव्हा मुलीच्या बापाने पोराचा पगार नंतर विचारला, आधी कविता म्हणायला लावली. सोयरीक जमली.

तरी कागद कडूबाच्या हातात दे आणि परत ये. पंजाबरावाच्या घरी जाऊ नकोस. त्याच्या बायकोला, भिमाबाईला, त्रास नको.

तुझा मामा,
उकंडराव

•

लोणार,
१४ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
जय भीम.

लोणार हे देऊळगावच्या दिशेलाच आहे, म्हणजे मी निघालो आहे असं समजा.

इथं सरोवराच्या काठावर पर्यटकांना माहिती सांगायचं काम मिळालं. मला माहिती नाही, पण ज्याचं काम आहे त्याचा घसा बसलाय. तो बाजूला उभा राहून हातानं दाखवतो, मी बोलतो. आकाशातून दगड पडला आणि एवढा खड्डा झाला, हे सांगितलं की लोक विचारतात, दगड कुठंय? पडलेला दगड दिसत नाही, खड्डाच दिसतो, हे लोकांना पटवायला फार वेळ लागतो. एक बाई तर म्हणाल्या, मग पडला कशावरून?

तुमचं पत्र वामनरावांना वाचून दाखवलं नाही. नेमबाजीचं त्यांना लागलं असतं.

मामा, माझं एक ऐका. चौथीत गुरुजींनी "माझे कुटुंब" लिहायला सांगितलं होतं. मी पहिलंच वाक्य लिहिलं: माझ्या मामाच्या मांडीवर एक माणूस मेला. गुरुजींनी पोलीस पाटलाला बोलावलं. पाटील हसले, म्हणाले, हा लंकेच्या उकंडरावाचा भाचा. मग गुरुजींनी मला पुढच्या बाकावर बसवलं. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मी पुढच्या बाकावर बसलो. म्हणजे ती मांडी मीही वापरलेली आहे. ती नव्हती असं कोणी म्हटलं की मला आपलंच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. म्हणून विचारून राह्यलो. तुम्ही "नव्हतो" म्हटलं नाही, आणि "होतो" असंही म्हटलं नाही. तहसीलचं सांगितलं.

परवा निघतो. आणि त्रास कसला? नवऱ्याचे शेवटचे शब्द तुम्ही तिला पोस्टानं पाठवले. बाई तुम्हाला दुवाच देत असेल.

तुमचा,
धम्मरत्न

•

देऊळगाव राजा,
२३ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
जय भीम.

पोहोचलो.

कडूबा पाथरवटाकडे सरळ स्टँडवरून गेलो, मध्ये कुठंच थांबलो नाही, फक्त बालाजीच्या देवळाजवळ एक जण भिंगरी विकत होता तिथं थोडा. कडूबा दगडावर वाकलेला. मी कागद पुढे केला तर त्यानं वर पाहिलंच नाही.

"हे आन्खी कोणतं? एक त आधीच आलंय."

"कुठून आलं?"

"बाईकडून. तिच्या नातीच्या अक्षरात. ज्याचा माणूस त्याचा कागद, मी त तेच कोरून राह्यलो."

"किती झालं?"

"'माती'पर्यंत." त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढून पाहिले, चष्मा लावून पाहिले. "पहिली ओळ दोन्हीत सारखीच हाय. तितकं झालं त्याचं भांडण नाही. दुसरीपासून सांगा कोणाचं धरू. दगड हाय, खोडरबर चालत नाही."

मामा, बाईचा कागद जसाच्या तसा उतरवून देतो. बसून वाचा.

गोळी सुटली नारळातून, तोंडात गेली माती,
कोण्या म्हाताऱ्या बाईचा हात कपाळावरती.
करवंटीनं पाणी पाजलं तिनं, गार पडली छाती,
मालक काही बोलले नाही, तिले भाषा नव्हती येती.
भिमाबाई म्हणे, पाह्यलं नाही, तरी मीच गाती.

तुम्ही यात नाही. मी तीनदा वाचली. कुठंच नाही.

तुम्ही जाऊ नको म्हटलं होतं, पण कडूबानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून गेलो. गाव सात-आठ किलोमीटरवर आहे. भिमाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुमचं नाव सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि मला बसायला पोतं दिलं. नात मयुरी, नववीत आहे, तिनं पाणी आणलं. मी म्हटलं, "आजी, कविता तुम्ही बदलली?"

"बदलली नाही बाबा. वापरता वापरता तशी झाली."

"म्हणजे?"

"पयल्यांदा उकंडरावाचीच म्हनत व्हते. बाया रडायच्या, मीही रडायचे. मंग चार-पाच वर्सांनी 'तुटली नाही नाती'पाशी आले की माझाच आवाज अडायचा. आमचा माणूस असं बोलतच नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं त उठून मीठ घ्यायचा, पण सांगायचा नाही. त्यानं मरताना एवढं कुठून आनलं? मंग मी त्याला गप करून टाकलं. गप केल्यावर तो मला नीट दिसायला लागला."

"आणि मामाला काऊन काढलं?"

त्यांनी सूप परत पुढे ओढून शेंगा सोलायला घेतल्या. मयुरीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढ्या वर्सांत तुझे मामा इथं एकदा तरी आले का रे? तिथून इथं येस्टी येते. ज्याच्या मांडीवर डोकं ठेवून माणूस जातो, तो माणूस दारात येतो. उशिरा येईल, पण येतो. हे आले नाहीत. पोस्ट आली. तव्हाच समजून घेतलं की मांडी नव्हती."

"मग ती म्हातारी कोण?"

"कोणीतरी पायजे का नाही पाणी पाजायला? तिकडं बाया असतीलच की."

मीही शेंगा सोलू लागलो. कडूबाला सांगितलंय, दुसऱ्या ओळीला हात लावू नका. तो म्हणतो, सव्वीस तारीख काही थांबत नाही.

तुमचा,
धम्मरत्न

•

गाव,
२९ डिसेंबर २०२४

चि. धम्मरत्न,
जय भीम.

तुझे पत्र मिळाले. बाईची कविता वाचली. चौथ्या ओळीत वृत्त थोडे लांबले आहे. बाकी ठीक.

कावीळ झाली होती. पाच आठवडे. दवाखान्याचा कागद माझ्या पेटीत आहे, त्यावर तारीख आहे. दोन-तीन वर्षांनी एकदा काढून पाहतो.

पहिली दहा वर्षे मला पक्के माहीत होते की मी तिथे नव्हतो. म्हणताना लाज वाटायची, म्हणून मोठ्याने म्हणायचो. मग कधीतरी लाज वाटायची थांबली. आता कसं आहे ते तुले सांगतो. मले डाव्या मांडीवर भार आठवते. पायाले मुंग्या आल्या होत्या ते आठवते. डोक्यावरच्या लोखंडी टोपातलं पाणी कोमट होतं, त्याले कातडी पट्ट्याचा वास येत होता. हे सगळं माह्या अंगाले आठवते. अन् दवाखान्यातलं काहीच आठवत नाही. छत पत्र्याचं होतं का कौलाचं, शेजारच्या पलंगावर कोण होतं, काही नाही. ते कवितेत नाही ना.

माझी आई समजत होती मी तीर्थाला गेलो. बुद्धाच्या देशात चालला, पिंपळाचं पान आण, म्हणे. आम्ही गेलो तिथे बोधिवृक्ष नव्हता, पहाऱ्याचा नाका होता. परत आलो तेव्हा सगळा गाव विचारे, काय झालं, काय पाह्यलं. झालेलं सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखं एकच होतं, ते मी लिहिलं होतं.

ती मांडी गेली तर मी साठाव्या वर्षी कोण आहे, हे मला ठाऊक नाही. कावीळ झालेला माणूस आहे, एवढे राहते.

मी तिच्या दारात का गेलो नाही, ते तुला सांगण्यासारखे नाही. कडूबाला सांग, माझा कागद फाडून टाक. तू तिथे पुन्हा जाऊ नकोस.

उकंडराव

•

५ जानेवारी २०२५

उकंडराव भाऊंना,
भिमाबाईचा जय भीम.

हे मी सांगते आणि मयुरी लिहिते. तिचं अक्षर चांगलं आहे, शब्द माझे आहेत.

तुमचा भाचा इथंच आहे. जाऊ नको म्हणून तुम्ही लिहिलं ते त्यानंच वाचून दाखवलं, आणि मग जेवायला बसला. तूर झाली, आता तो सरपण फोडतो. सरपण कमी फुटतं, गप्पा जास्ती होतात. पण पोरगं वाईट नाही.

तुमचा कागद कडूबाला फाडू दिला नाही. दगडही थांबवून ठेवलाय. गावची पोरं घाई करतात. मी त्यांना म्हटलं, मला छत्तीस वर्सं झाली, तुम्हाला वीस दिवस जास्त झाले का.

तुम्हाला खोटं ठरवायला बोलावत नाही. ती कविता आली नसती तर मी काय म्हटलं असतं? सरकारचं पत्र चालीवर बसत नव्हतं. पण तुम्ही त्यांना पाह्यलेलं आहे. मी लग्न झाल्यावर सगळे मिळून पाच महिने पाह्यलं, सुट्ट्या धरून. ते लंकेत होते तेव्हाचे तुमच्याकडे आहेत.

एकदा या. कविता आणू नका.

भिमाबाई
(आजोबा, येताना स्टँडवर उतरून रिक्षा करा, चालत येऊ नका, कुत्री आहेत. — मयुरी)

•

गाव,
१७ जानेवारी २०२५

चि. धम्मरत्न यास,
जय भीम.

मी १५ तारखेस भिमाबाईच्या घरी गेलो. तू तीन दिवस आधीच मोसंबीच्या ट्रकवर बसून जालन्याकडे गेलास असे कळले. सरपण अर्धे तसेच पडले होते. तू नव्हतास ते बरे झाले.

अंगणात पोते टाकले होते. त्यावर बसलो. मयुरी वही घेऊन समोर बसली. बाई बोलायची, ती वहीत लिहून मला दाखवायची. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे मी आपण हळू बोलतो आहोत असे समजून बोलतो. मयुरीने लिहिले: आजोबा, गल्लीत सगळे ऐकत आहेत. तोपर्यंत अर्धे सांगून झाले होते. वर पाहिले तर कुडाच्या पलीकडे दहा-बारा माणसे उभी. उरलेलेही त्याच आवाजात सांगितले. गल्लीला अर्धेच कळणे बरे नव्हे.

सांगितले ते असे. मी तिथं नव्हतो. दवाखान्यात होतो. त्या दिवशी नाक्यावर पाळी माही होती, पंजाबरावाची नव्हती. मी पिवळा होऊन पडलो, म्हणून माह्या जागी तो उभा राह्यला. गोळी माह्या जागेवर आली. म्हणून मी आलो नाही, ताई. पोस्टात कविता टाकणं सोपं होतं. कुठंतरी असायलेच पाहिजे होतो, म्हणून मांडी लिहिली.

 कुडापलीकडचे हलले नाहीत. मी मनात म्हटले, आता बाई उठायला सांगेल, उठून जाऊ. परतीची गाडी साडेतीनला होती.

मग मयुरीने वही दाखवली. त्यात लिहिले होते: तुम्हाला ते शेवटचे कधी भेटले? काय म्हणाले?

माझ्या तोंडात कवितेची ओळ आली होती. खरे सांगतो, 'नाती'पर्यंत आली होती. ती गिळली. त्याच्या मागे काहीच नाही असे मला वाटले होते. पण होते. पत्र्याचे छत होते. दाराला हिरवे फडके होते. तो दाराबाहेरच उभा राह्यला, कारण कावीळ लागते असे कोणीतरी त्याले सांगितले होते. बूट चिखलाचे. नाक दाबून धरलेले. तिथूनच बोलला.

मी ते बाईला सांगितले. "लवकर उठ बे. तुह्या पाळ्या करू करू माहे पाय गेले."

एवढेच बोलला अन् गेला. हे मी कोणालाच कधी सांगितले नव्हते. यात माझीच पाळी आहे.

बाईने तोंडाला पदर लावला. मी समजलो रडते. नंतर पाहिले, हसत होती. खांदे हलत होते. मयुरी लिहायची विसरली, मग घाईघाईने लिहून दाखवले: हेच. हे त्यांचंच. बोलले त असंच बोलत, कुरकुरत.

मग तिने बोट वर करून खुणावले, पुन्हा म्हणा.

मी पुन्हा म्हटले. तिने पुन्हा खुणावले. तिसऱ्या वेळी कसे कोण जाणे, आवाज त्याच्यासारखा नाकातून निघाला. मला ऐकू आला नाही, नाकात जाणवला. कुडाजवळच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरचे उपरणे काढून हातात घेतले. चौथ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत तिनेच म्हटले. ऐकू आले नाही, पण ओठांवर दिसले. "बे" सुद्धा म्हटले. सोळा-सतरा वर्षांची असताना ज्याला अहो म्हणायची, त्याचा "बे" तिने माझ्याकडे पाहून म्हटला, आणि मग स्वतःशी दोनदा म्हटला, चाल बसवून पाहावी तसा.

जेवायला थांबवले. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, तोपर्यंत तिने मला आणखी बरेच विचारले: झोपेत घोरत होता का, पत्र लिहायला किती वेळ लावायचा, नारळ खायचा का. घोरत होता. पत्र दोन दिवस लिहायचा, त्यात चार ओळी असायच्या. नारळ खायचा नाही, म्हणायचा, इथे दिसते ते सगळे नारळच आहे. एवढे माझ्याकडे होते हे मला माहीत नव्हते.

येताना देऊळगावात कडूबाकडे उतरलो. पोरांच्या घाईने दगड बाईच्या कागदावरून कोरून झाला होता, फक्त शेवटची ओळ बाईने थांबवून ठेवली होती. त्याने विचारले, "तुमचं काही घालायचं का? जागा हाय." मी बाईची ओळ वाचून दाखवली अन् म्हटले, हीच घाल, नाव तिचेच राहू दे. तो म्हणाला, "अन् ते, गल्लीत बोलले म्हणे तुम्ही, ते?"

मी त्याला सांगितले, ते ओळीत बसत नाही. ते बाईकडे राहिले आहे.

तुझा मामा,
उकंडराव